नकाशातलं तळं

बंगळूर, जानेवारी १९६१
रविवार, संध्याकाळ

घरी येऊन दोन तास झाले, तरी ते तळं डोळ्यांसमोरून हलत नाही.

गेल्या वर्षी डोंगराखालच्या त्या खेड्यात मी एकटाच सायकलवरून गेलो होतो. जुनं देऊळ, पुढे दगडी पायऱ्यांचं तळं. पुजाऱ्यांच्या बायकोनं, अक्कांनी, घागर भरून माझ्या पायांवर पाणी घातलं. मी पडलो ड्राफ्ट्समन, हात शिवशिवले. कारखान्यातल्या लोकांना सहलीला उपयोगी पडेल म्हणून नकाशा काढला आणि तळ्यापाशी सुबक इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'हातपाय धुण्याची सोय'. प्यायचं पाणी तेच का, एवढं विचारायला काय झालं होतं मला? घागरीनं काढून बाहेर पाय धुतात, पाण्यात पाय घालत नाहीत, हे समोर दिसत असताना!

आज पुन्हा गेलो, तर तिथे माझा नकाशा घेऊन कारखान्यातली बस भरून मंडळी आली होती. पायऱ्यांवर साबण, पाण्यावर पुऱ्यांच्या तेलाचा तवंग. अक्का आता पलीकडच्या गावाहून पाणी आणतात. त्यातलंच तांब्याभर त्यांनी मला दिलं. आणि मी प्यायलो.

मग त्यांनी हौसेनं दार दाखवलं. कुणा पाहुण्यानं दिलेला माझाच नकाशा, भाताच्या खळीनं चिकटवलेला.

"आमचं गाव कुणीतरी किती छान काढलंय बघा, अण्णा. तळ्यापाशी काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "तळं."

"सरी, बरं," अक्का कानडीत म्हणाल्या आणि पदरानं त्या अक्षरांवरची धूळ पुसली.