गाडीचा अर्ज

बुधवार, बडोदे

गोल्फचे अठरा होल उन्हात चालायचे आणि वर म्हणे, काही होत नाही! ह्यांचा मोजा आज परत रक्तानं भरला. नकली पाय बसवताना आत खुंटावर चढवायचा मोजा. दोनदा धुतला, डाग जात नाही. स्पर्धावाले स्वतः म्हणतात, अर्ज करा, बसायला गाडी देतो. पण नवरा माझा हट्टी.

"'बेसीने जीत्यो', गाडीत बसून जिंकला म्हणून हसतील गं सगळे."

"अहो, जिंका तर आधी! पाय सडल्यावर हार घेऊन येणारेत का ते?"

तर हसले. वरून, "वासण्याच्या त्या पायाच्या डॉक्टरला बोलू नकोस, तो खेळ बंद करेल."

म्हणजे बोलले तर खेळ गेला, आणि खेळावरच घर चालतं. गप्प बसले तर पाय गेला. त्यांची बॅग खांद्यावर घेऊन मागं चालते मीच, दर पावलाला लंगडणं बघत. मीच चालवते का त्यांना? मोजा दोरीवर वाळतोय, नजर तिथंच जाते.

जेवताना सांगून टाकलं, शुक्रवार संध्याकाळपर्यंत अर्जावर सही करा, नाहीतर शनिवारी स्पर्धेत बॅग उचलायला दुसरी बायको शोधा. भाकरी मोडत बसले नुसते. शुक्रवारी मला हो की नाही ते पाहिजे.