बिनआवाजी पॉवर सप्लाय

३ मार्च, सोमवार
टेपरेकॉर्डरसाठी नवा पॉवर सप्लाय आला. लिनियर, लो-नॉइज आणि स्वस्त! बाबांच्या शेवटच्या आजारपणात आईने त्यांच्या बोलण्याची एक कॅसेट भरली होती. ती जुन्या अडॅप्टरवर लावली की टेपरेकॉर्डर नुसता घूं घूं करतो. त्यात बाबांना ऐकणं म्हणजे त्यांचा अपमान. आईला सांगितलं, या रविवारी नक्की. ती म्हणाली, डावा कान गेलाच, डॉक्टर म्हणतात उजवाही फार दिवस टिकायचा नाही, तेव्हा लवकर बघ.

६ मार्च
घूं घूं कायम. दोष सप्लायचा नाही, घराचा. ट्यूबलाइट बंद केली. मिक्सर बंद. फ्रिज बंद. दूध नासलं. बायकोने विचारलं, श्वास घेतलेला चालेल का? चालेल म्हटलं. संशोधनाला घरच्यांची साथ लागते.

८ मार्च, संध्याकाळ
कॅसेट आत नसताना स्पीकरमधून कोणीतरी खाकरलं. बोलायच्या आधी बाबा खाकरायचे, अगदी तसं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. लूज कॉन्टॅक्ट. सोल्डरिंग पुन्हा केलं. बोट भाजलं. घाबरलो म्हणून नव्हे, टेबल डुगडुगतं.

९ मार्च, रविवार
घूं घूं गाळायला मोठा कपॅसिटर मागवलाय. आईला म्हटलं, पुढचा रविवार. ती पदराला हात पुसत आत गेली. बहुतेक ऐकू गेलं नसावं.

१२ मार्च
पुन्हा खाकरणं. या वेळी तर प्लगही काढलेला. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, हे पुस्तकात आहे. चार्ज खाकरतो, हे नाही. पण पुस्तक जुनं आहे. हल्ली खोलीचं दार उघडं ठेवूनच काम करतो. हवा खेळती राहते.

१५ मार्च
जमलं! स्कोपच्या पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, ती आज अगदी सपाट. घूं घूं गायब. खोली इतकी शांत, की मागे कोणी उभं असतं तर कळलं असतं. वळून बघितलं नाही. वेळ नव्हता.

१६ मार्च, रविवार
आईला हाक मारली. ती म्हणाली, अरे, मी ऐकली की मंगळवारी. तू कामावर गेल्यावर सूनबाईने जुन्या अडॅप्टरवर लावून दिली. घूं घूं होतं, पण आपलं माणूस कळतं रे. मग म्हणाली, टेपमध्ये बाबा सारखे विचारतायत, तो आला का, तो आला का. तू एकटा बसून ऐक.

बाबांच्या त्या शेवटच्या आठवड्यात रजा मिळणं शक्यच नव्हतं. अर्ज केला असता, तरी.

दार लावलं. स्पीकरची वायर काढून स्कोपला जोडली आणि प्ले दाबलं. बाबांची रेघ आवाजाविना वर-खाली होत राहिली. मध्येच थांबायची, पुन्हा उठायची. कॅसेट संपेपर्यंत बघत बसलो.

नॉइज अजिबात नाही. सप्लाय उत्तम आहे.