साहेबांची सही

ता. ४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. म्हणजे तुझ्या साहेबांचं, पण पाकिटावरचं अक्षर तुझं, म्हणून तुझंच म्हणते. ‘महोदया, आपल्या भावना समजल्या. आपल्या सूचनेचा सहानुभूतीने विचार केला जाईल.’ अरे, महोदया कोणाला म्हणतोस? लहानपणी माझ्या वेण्या ओढणारा तू! आम्ही साहेबांना पाठवलेल्या निवेदनाखाली माझं नाव होतं, पत्ता आपल्या घराचा होता, तरी तुझा हात नेहमीचा छापील कागद उचलून मोकळा झाला. बाबा पोट धरून हसले. मला मात्र हसू आलं नाही.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून लिहितेय. आमच्या दवाखान्यात एक्स-रेची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे हे तुला ठाऊक आहे. लिफ्टसाठी खड्डा खणून ठेवलाय आणि त्याच्या शेजारच्या भिंतीवर चार कोनशिला आहेत, चारही तुझ्या साहेबांच्या हस्ते बसवलेल्या. लिफ्टचा पत्ता नाही. पाय मोडलेल्या माणसाला खुर्चीत बसवून चव्वेचाळीस पायऱ्या वर आणतात, आणि माझ्या टेबलापर्यंत येईतो त्याचं हाड आणखी सरकलेलं असतं. मागच्या आठवड्यात बाबांच्या गुडघ्याचा फोटो काढायचा होता. खुर्चीतून जाताना त्यांनी चारही कोनशिला मोठ्याने वाचल्या. जन्मभर पाट्या रंगवलेला माणूस, म्हणाले, दर निवडणुकीला अक्षर बिघडत गेलंय.

सहा वेळा निवडून आलाय हा माणूस! मला दर पाच वर्षांनी परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते. त्याला काय द्यावं लागतं? हार घालून घ्यायला मान द्यावी लागते, बस्स. म्हणून आमचं मागणं साधं आहे: सभागृहात कोणीही दोनच टर्म बसायचं, मग उठायचं. आणि दर महिन्याची हजेरी चौकातल्या फलकावर लावायची. पाच हजार सह्या झाल्या की सभागृहाच्या समितीला सुनावणी घ्यावीच लागते. आमच्या पाच हजार तीनशे झाल्या. पहिली सही बाबांची आहे. उरली तुझी, पण तुझ्याकडून ती आशा नाही.

महोदयेवर थोडी माया शिल्लक असेल तर उत्तर स्वतःच्या शब्दांत लिही.

तुझी,
ठिणगी

ता. १२ जानेवारी

चि. ठिणगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चूक झाली, कान पकडतो. रोज दोनशे पत्रं येतात गं. पहिली ओळ वाचायची, ‘मागणी’ दिसलं की हिरवा कागद, ‘तक्रार’ दिसली की पांढरा. तुझ्या पत्रात दोन्ही होतं, नशीब एकच पाठवला. साहेबांना पत्र वाचायचा कंटाळा, सही करायचा त्याहून जास्त. अकरा वर्षं झाली, त्यांची सही मीच करतो. आता तर त्यांच्यापेक्षा माझीच चांगली येते. शेवटी बाबांसारखा तिरपा फटकारा मारतो ना, ब्रश पुसल्यासारखा. स्वतःची सही करायचा प्रसंगच येत नाही, आमची हजेरीसुद्धा अंगठ्याच्या मशीनवर. हे तुझ्यापाशीच ठेव.

आता तुझ्या निवेदनाचं. दोन टर्म म्हणे! तुला हे खेळणं वाटतं का? माणसाला सभागृहाचे नियम कळायलाच एक टर्म जाते. साहेब गेले तर येणारा नवा काय दिवे लावणार? आणि लोक देतात ना मतं? सहा वेळा काय मी एकट्याने दिली? पहिल्या निवडणुकीत ‘एकदा संधी द्या’ हे सगळ्या गावाच्या भिंतींवर बाबांनीच रंगवलं होतं, विचार त्यांना. तू हाडांचे फोटो काढ, तेच तुला छान जमतं. साहेब भडकलेत. सह्यांची यादी तपासायचं काम माझ्याकडे आलंय, उगाच मला पेचात टाकू नकोस.

बाबांना गुडघ्यावर जोर देऊ देऊ नकोस. राग आवर आणि दादाला विसरू नकोस.

तुझा,
दादा

ता. ३ फेब्रुवारी

दादास,
नमस्कार. तोही बाबांनी लिहायला लावला म्हणून.

तुमची हरकत पोचली. सहाशे चाळीस सह्या ‘नमुन्याशी जुळत नाहीत, सबब बनावट’ म्हणून काढल्या. आता राहिल्या चार हजार सहाशे साठ. सुनावणी बारगळली म्हणायची. यादी मी एकेक नाव बोटाखाली धरून वाचली. पलीकडच्या शिंपीणबाई, मोतीबिंदूवाले पोस्टमन, आमच्या दवाखान्यातली सफाईवाली, सगळी म्हातारी आणि आजारी माणसं. आणि यादीत पहिलंच नाव बाबांचं!

दादा, तुझ्या हाताला काहीच वाटलं नाही? त्यांचा हात थरथरतो. का थरथरतो तेही तुला माहीत आहे; चाळीस वर्षं शिडीवर उभं राहून रंगवलंय त्यांनी, त्यातली एक निवडणूक तुझ्या साहेबांची, फुकट. त्या दिवशी सही करायला त्यांना पाच मिनिटं लागली. मी म्हटलं, राहू द्या, अंगठा द्या. तर माझ्यावर खेकसले. म्हणाले, मी अक्षर लिहिणारा माणूस आहे. आणि तू त्यांना बनावट ठरवलंस. मी ते वाचून दाखवलं. त्यांनी कागद मागून घेतला आणि मागच्या बाजूला दिवसभर सही गिरवत बसले. मला इतकी चीड आली की तू समोर असतास तर कानाखाली वाजवली असती, मोठा भाऊ असशील तुझ्या घरचा.

आणि गंमत बघ. ‘सह्या बनावट आहेत’ असं सांगणाऱ्या त्या हरकतीखाली सही कोणाची? शेवटी तो तिरपा फटकारा. आपल्या भिंतीवर बाबांचं जुनं प्रशस्तिपत्र आहे, त्यावर साहेबाची खरी सही आहे. तिला असला फटकारा नाही.

आम्ही दाद मागितली आहे. वीस तारखेला समिती फक्त हरकत खरी की खोटी एवढंच बघणार आहे. हरकत पडली तर सगळ्या सह्या परत धरल्या जातील आणि दोन टर्मवर सुनावणी होईल. तू लिहिलेलं पत्र माझ्या पर्समध्ये आहे. मी ते दाखवणार नाही. भावाने विश्वासाने सांगितलेलं चव्हाट्यावर मांडायला मी काही राजकारणात नाही. पण तू येऊन सांग. तूच सांग.

लोभ ठेवायचा की नाही ते वीस तारखेला बघू.

ठिणगी

ता. ९ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि फाडलं. बाबांचं नाव मी पाहिलं नव्हतं असं लिहिणार होतो. पाहिलं होतं. साहेब पाठीशी उभे होते, म्हणाले, हे तुमचे वडील ना, मग यांच्यापासूनच सुरुवात करा, म्हणजे पक्षपात केला असं कोणी म्हणायला नको. मी सुरुवात केली.

पण तू मागतेस ते मला झेपणारं नाही. उद्या मी सांगितलं की सही माझी, तर साहेब हात वर करतील. म्हणतील, माझ्या नकळत केली. तुरुंगात मी जाईन, ते नाही. सव्वीस वर्षांची नोकरी जाईल, राहतं घर सरकारी आहे ते जाईल, तुझी वहिनी कुठे जाईल? तुझी लिफ्ट, तुझ्या दोन टर्म, यासाठी मी एकट्याने मरायचं? सरळ सांगतो, मी वीसला येतोय, पण साहेबांच्या बाजूने. माझ्यासमोर सही झाली असं सांगणार आहे. तू पत्र काढणार नाहीस असं तूच लिहिलं आहेस आणि तुझा शब्द मी ओळखतो.

हे वाचून तू मला शिव्या देशील. दे. बाबांना यातलं काही सांगू नकोस, आणि जमलं तर माझ्यावरचा जीव अगदी तोडू नकोस.

दादा

ता. २१ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

तू काल मागच्या रांगेत होतीस, मांडीवर पर्स घट्ट धरून. मी एकदाच बघितलं, मग बघवेना. टेबलावर काय झालं ते तुला तिथून दिसलं नसेल, आणि इतरांकडून तिखटमीठ लावून ऐकशील, म्हणून लिहितोय.

मी ठरल्याप्रमाणे खोटं बोललो. सही माझ्यासमोर झाली, साहेबांनी निळ्या पेनाने केली, तेव्हा ते चहा घेत होते, असं सगळं सांगितलं. एकदाही अडखळलो नाही. समितीच्या अध्यक्षांनी मान डोलावली, साहेब खुर्चीत सैलावले. तू तेव्हाही पर्स उघडली नाहीस. मग लेखनिक बाईंनी जबाब टाइप करून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, इथे सही करा. रोजच्यासारखा कागद पुढे आला, रोजच्यासारखं पेन हातात. मी सही केली आणि कागद परत दिला.

बाईंनी शिक्का मारायला घेतला आणि थांबल्या. एकदा नाव वाचलं, एकदा सही. मग फाइलमधून हरकत काढून शेजारी ठेवली. माझ्या जबाबाखाली मी साहेबांची सही केली होती, तिरप्या फटकाऱ्यासकट. सगळे त्या दोन कागदांकडे बघत राहिले. साहेब ताडकन उठले आणि म्हणाले, या माणसाला मी नीटसा ओळखतही नाही. सव्वीस वर्षं, ठिणगे!

अध्यक्षांनी मला दुसऱ्या कागदावर स्वतःची सही करायला सांगितली. मी पेन टेकवलं आणि मला ती आठवेना. देवाशपथ आठवेना. मग मी सगळं सांगून टाकलं, हिरवे कागद, पांढरे कागद, बाबांचं नाव, सगळं. तेवढ्यापुरतं शहाणपण सुचलं. पण मी हे मुद्दाम केलं असं घरी सांगू नकोस. मी खोटं बोलायलाच आलो होतो, हाताने घोटाळा केला.

हरकत फेटाळली हे तू ऐकलंसच. मला आज निलंबनाचा कागद मिळाला, चौकशी होईल, पुढचं पुढे. तुमची सुनावणी मात्र लागली. त्या माणसाला घरी बसव. दोन टर्मसुद्धा जास्तच होतात असं आता मला वाटतं. तेवढ्या काळात माझा हात माझं नाव विसरून गेला.

बाबांना विचार, गिरवायचा कागद शिल्लक आहे का. त्यांची सही खरी निघाली, माझी अजून यायची आहे. मी घरी आलो की दार उघडशील एवढा लोभ असू दे.

खाली सही करत नाही. अंगठा उठवला आहे.

दादा