एक घर, एक मत

२ मे, शुक्रवार
माझ्या लेकीने, लीनाने आज मला पेचात पकडलं! शाळेच्या प्रोजेक्टला तिला दोन महायुद्धांमधली अमेरिका आली आहे. जेवताना सांगत होती — १९२० साली तिकडे बायकांना मताचा हक्क मिळाला. मी तोऱ्यात म्हटलं, आपल्याला तर घटनेने पहिल्याच निवडणुकीत दिला. लगेच म्हणते, "देन व्हाय डोन्ट यू वोट इन द मंडळ?"

इथे आखातात आमच्या बौद्ध मंडळात एक घर, एक मत. आमचं मत माझा नवरा, विनय देतो. इतकी वर्षं हमद टाउनच्या घरून नईम भागातल्या हॉलवर खिरीचं पातेलं नेते, बुद्धवंदना म्हणते. मतदानाच्या वेळी आम्ही बायका ताटं मांडत असतो. मला ते कधी खटकलंच नाही.

४ मे, रविवार
विनय मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमधून दमून आला होता, तरी विषय काढला. "काय फरक पडतो गं? तुझ्या मनात असतं तेच मत मी देतो." — कधी विचारलंस? म्हटलं. चहा पीत बसला.

५ मे
लीना म्हणते, तिकडचे नवरेही हेच म्हणायचे!

९ मे, शुक्रवार
मंडळाचे अध्यक्ष हरिदासकाकांकडे गेले, बायकांनाही मत हवं म्हटलं. "विशाखा, घराघरांत भांडणं लागतील. परक्या मुलखात आपण मोजकी माणसं." आतून पुष्पलताकाकू — "आता काय कमी लागतात?" काका हसले. ठराव सभेपुढे ठेवतो म्हणाले. पण त्यावर मत देणार कोण? घरटी एक — म्हणजे पुरुषच!

१० मे
लीनाच्या प्रोजेक्टचं वाचलं. कायदा झाला तरी अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या बायकांना मतपेटीपर्यंत पोचू दिलं नाही. पुढे मंदीत म्हातारपणच्या पेन्शनचा कायदा आला, त्यातून शेतमजूर आणि घरकामवाल्या वगळल्या. वाचून चडफडले. हे आपल्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही.

तरी लीनाकडे एक चांगली गोष्ट होती. १९२० साली बायकांच्या मताचा ठराव टेनेसी राज्यात अडला होता. एक तरुण आमदार विरोधातला. आईने त्याला कळवलं, बायकांच्या बाजूने मत दे. दिलं, आणि त्या एका मतावर ठराव पास! विनय मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. पण बोट हलत नव्हतं.

१६ मे, शुक्रवार
बुद्धपौर्णिमा सोमवारी झाली, कार्यक्रम आज सुट्टीला. वंदना, खीर, मग ठराव. हात मोजले — समसमान! विनयने हातच वर केला नव्हता. मग उठला. "माझ्या घरात जाणती डोकी दोन आहेत. मत एक कसं?" आणि ठरावाच्या बाजूने हात वर केला. झाला पास!

गाडीत लीना चक्क मराठीत — "बाबा, भारी होतं." मला रडू आलं. विनय खुशीत. पुढच्या शुक्रवारी मंडळाची निवडणूक, तिथे सेक्रेटरीपदाला उभा राहणार म्हणाला. "आता घरची दोन मतं पक्की!"

२३ मे, शुक्रवार
सेक्रेटरीपदाला विनयविरुद्ध मंडळातलीच भावना उभी होती. त्याला हॉलसाठी नवे स्पीकर घ्यायचेत. तिला मुलांसाठी मराठीचा वर्ग काढायचाय. मंडळातलं माझं पहिलंवहिलं मत, तेही सगळ्यांसमोर हात वर करून! मी भावनाला दिलं.

विनय एका मताने पडला. घरी आलो. मग चहा त्याने केला — दोन कप.