खुर्ची कुणीकडे वळते

आई,

वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा काय म्हणतो? बाबा फिरायला जातात, की नुसतेच चपला घालून दारात बसतात?

प्राध्यापकपद लंबूला मिळालं. हो, माझ्याबरोबर नोकरीला लागलेला, तोच. मला काही वाटलं नाही. उलट सगळ्यांच्या आधी मीच अभिनंदन केलं. पण ते मलाच मिळणार असं शेजारच्या काकूंना तू आधीच सांगून बसली नाहीस ना?

माझा अभ्यास तुला ठाऊक आहे: ऑफिसात कोणाला मान मिळतो आणि त्यावरून माणसं स्वतःला कोण समजतात. बैठकीत हुद्दे बघू नका, खुर्च्या कुणीकडे वळतात ते बघा, हे मी शोधून काढलं. लंबू ते प्रत्येक भाषणात सांगतो. माझं नाव घेऊन, गोड हसून! म्हणजे तक्रार करायचीही सोय नाही.

काल बैठकीला लवकर जाऊन मी विभागप्रमुखांच्या शेजारची जागा पकडली. लंबू उशिरा आला आणि मागे दाराजवळ टेकला. तो बोलायला लागला तशी एकेक खुर्ची त्याच्याकडे वळली. प्रमुखांचीसुद्धा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, कशी वळतात बघा मेंढरं! हे टिपून घ्यावं म्हणून पेनाकडे हात नेला, तर टेबल माझ्या पाठीमागे होतं.

हे बाबांना वाचून दाखवू नकोस. गुडघ्याला शेक घे.

तुझी,
धाकटी