हमरापूरची जखम

वरसे, रोहा

प्रिय दिशा,

पत्र बघून घाबरू नकोस, माझी तब्येत चांगली आहे. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर आपण दोघी जेवलीस का, पाऊस आहे का, एवढं बोलून गप्प होतो. मग तू "चल, ठेवते" म्हणतेस आणि मला हायसं वाटतं. पोटच्या मुलीचा फोन संपल्यावर हायसं वाटावं याची नंतर लाजही वाटते. म्हणून लिहायला बसले. मध्येच बाजूला ठेवू नकोस. शेवटी जे आहे ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

आपला साहिल गेल्यावर मी हॉस्पिटलची नोकरी सोडली हे तुला माहीत आहे. चर्चला उपासनेला जाणंही सोडलं होतं, हे मात्र मी सांगितलं नाही. रविवारी पेणच्या एसटीची वेळ झाली की मी मुद्दाम कपडे भिजत घालायची. पास्टर हर्षद दोनदा घरी येऊन गेले. दुसऱ्या खेपेला मी त्यांना तोंडावर म्हटलं, "महाडच्या पुरात गाळ उपसायला पोरांना तुम्हीच घेऊन गेलात, देवाचं काम म्हणून. त्या देवाला सांगा, आता माझ्या घरी काम काढू नकोस." ते उठले. चहा तसाच ठेवून गेले. पुढे दोन वर्षं मी बायबल उघडलं नाही. फेकूनही दिलं नाही, नुसतं कपाटावर पडून होतं.

मग एक दिवस त्यांच्या बायकोचा, नम्रताचा, फोन आला. प्रार्थनेचं अक्षर काढलं नाही तिने. म्हणाली, "हमरापूरला एक मुलगी आहे, किमया. नववीत असताना जांभळावरून पडली, तेव्हापासून कमरेखाली अंग लुळं आहे, डावा हातही गेला. पाठीला झोपून झोपून जखम झालीय. ड्रेसिंग करणारी सिस्टर लग्न होऊन गेली. तुम्ही एकदा बघाल का?" मी म्हटलं, एकदाच.

त्या घरात किमया आणि तिची आजी धोंडुबाई, दोघीच. पोरीची आई लहानपणीच गेली, बाप दुसरा संसार मांडून गुजरातला. धोंडुबाई कारखान्यात गणपतींच्या डोळ्यांची आखणी करायची. सत्तरी उलटलेली, पण हात असा स्थिर की मी बघत राहिले. तिने मला दारातच अडवलं. "तू किरिस्ताव ना गो? माझ्या घरात देव हायेत. चालंल तुला?" मी म्हटलं, "मला चालेल. तुम्हाला?" ती म्हणाली, "पोरीची जखम भरली तर मला सगळं चालंल."

जखमेत माझी मूठ गेली असती, दिशा. वास दारापर्यंत येत होता. त्या दिवशी मला देव आठवला नाही, कुठलं वचनही आठवलं नाही. समोर एक जखम होती आणि तिचं काय करायचं ते मला येत होतं, एवढंच. दीड तास लागला. किमया एकदाही ओरडली नाही, पण संपल्यावर म्हणाली, "सिस्टर, तुमी परत येनार नाय ना? सगळी एकदाच येतात." मी गुरुवारी परत गेले. मग आठवड्यातून तीनदा जायला लागले. एसटीने पेण, पुढे रिक्षा. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते धोंडुबाईला शिकवलं. हवेची गादी चर्चच्या मंडळीने घेऊन दिली. जखम लिंबाएवढी झाली, मग आवळ्याएवढी. किमयाचा उजवा हात चांगला चालतो. पडल्या पडल्या ती गणपतीपुढचे उंदीर रंगवते. आजी देवाचे डोळे काढणार आणि नात उंदरांचे. मी "सिस्टर"ची "मावशी" कधी झाले ते कळलंच नाही.

गेल्या वर्षी श्रावणात गेले तर किमयाला ताप होता. कारखान्यांची घाई चालली होती. धोंडुबाई म्हणाली, "दमलीय गो ती. दोन दिस नुसती उंदीर रंगवतेय. गोळी दे, उतरंल." मी गोळी काढली नाही. कारण हेच शब्द मी बोलले होते. साहिल महाडहून आला, अंगात ताप, पोटऱ्या दुखत होत्या, आणि मी म्हटलं, गाळ उपसून दमलास, गोळी घे, झोप. दोन दिवस मी त्याला झोपू दिलं. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले; पुराच्या पाण्यातला लेप्टो होता, आणि उशीर झाला होता. त्याला माती देऊन आलो त्या संध्याकाळी तू विचारलंस, "आई, तू नर्स आहेस. तुला कसं कळलं नाही?" मी उत्तर दिलं नाही आणि तू परत घरी आली नाहीस. आज उत्तर देते. मला कळायला हवं होतं. वॉर्डात दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर पहिल्या तासात कळलं असतं. माझा होता, म्हणून त्याला काही गंभीर असेल हे मला मानायचंच नव्हतं. तू चुकीचं विचारलं नव्हतंस. तुझ्यावर माझा राग नाही, कधीच नव्हता.

किमयाच्या वेळी मी मानलं. नाडी बघितली, पट्टी सोडली, मग पाय उचलून बघितले, तर टाचेखाली एक नवीन जखम लपलेली होती, तिथून विष अंगात चढत होतं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. अँब्युलन्सला फोन केला तर तासभर लागेल म्हणाले. रिक्षात तिला झोपवता येईना. रस्त्यावर मूर्तींनी भरलेला एक टेम्पो उभा होता, मुंबईला निघालेला. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. ड्रायव्हर, जितेश नाव त्याचं, बिचारा गोंधळला. "बाई, गणपती कुठं उतरवू मी?" मागून धोंडुबाई आली नि म्हणाली, "माज्या हातचे हायेत ते. थांबतील. उतरव." मग कारखान्यातली माणसं धावली. दहा मिनिटांत गणपती ओसरीवर ओळीने बसले आणि त्यांच्या पेंढ्यावर आम्ही किमयाला निजवलं. पेणच्या डॉक्टरांनी सलाईन लावून पुढे पाठवलं. वडखळच्या गर्दीतून अलिबागला पोचेपर्यंत मी तिचं मनगट सोडलं नाही. मनातल्या मनात सारखं म्हणत होते, हिला नेऊ नकोस. तीन वर्षांनी मी देवाशी बोलत होते, आणि तेही भांडत.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मी वॉर्डाबाहेर जिन्यावर बसले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. धोंडुबाई कुणाकडून तरी भाकरी नि वालाचं कालवण घेऊन आली. मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. बोटांच्या पेरांत रंग तसाच होता, त्याच बोटांनी घास करून माझ्या तोंडाशी धरला. "खा गो. सगल्यांची आई होऊन बसलीस. तू पन कुनाची तरी लेक हायेस ना?" दिशा, मी त्या जिन्यावर हुंदके देऊन रडले. साहिल गेला तेव्हा मी इतकी रडले नव्हते. देव मला सोडून गेला, असं मी इतके दिवस धरून बसले होते. आणि तो मला भरवत होता, हमरापूरच्या एका म्हातारीच्या हातून. हे मी नीट समजावून सांगू शकणार नाही. तुला पटलं पाहिजे असंही नाही. पण मला ठाऊक आहे की ते खरं होतं.

पुढच्या रविवारी मी पेणला उपासनेला गेले. पास्टर हर्षदांची माफी मागितली. ते म्हणाले, "त्या पोरांना मी का नेलं, हे मीही रोज स्वतःला विचारतो, ताई."

या पौषात धोंडुबाई गेली, झोपेतच. किमयाचा मामा महिपती भला माणूस आहे, पण त्याच्या दोन खोल्यांत आठ जणं. त्याने एका संस्थेत नाव घातलं. किमया रडली नाही. तिने फक्त विचारलं, तिथे रंग ठेवू देतील का. मी महिपतीला म्हटलं, हिला मी नेते. त्याने खाली बघत विचारलं, "राग मानू नका बाय, पन तिला बाटवनार तर नाय ना?" मी म्हटलं, "तिचे देव तिच्याबरोबर येतील. तिला ज्याला हात जोडायचे त्याला जोडू दे. मी जखम बघणार." आपल्या मंडळीतही दोघांनी नाक मुरडलं, ख्रिस्ती घरात उंदीर कसे रंगवायचे म्हणून. त्यांना म्हटलं, तिचा एकच हात चालतो, तो मी बंद पाडणार नाही. देवाला चालत नसेल तर तो मला विचारेल, तुम्ही नका विचारू.

तर दिशा, किमया येत्या शनिवारी आपल्या घरी येतेय, कायमची. तिची खाट साहिलच्या खोलीत लागेल. दुसरी खोली नाही, आणि उजेड तिथेच चांगला येतो. मी तुझी परवानगी मागत नाही, हे ठरलेलं आहे. पण तिथलं त्याचं कपाट मी तो गेला त्या दिवसापासून उघडलेलं नाही. त्याचे शर्ट, त्याची गिटार, महाडहून आणलेली ती पिशवी, सगळं जसंच्या तसं आहे. तुझ्या भावाच्या वस्तू तुला न विचारता दुसऱ्या कुणाच्या हातून हलाव्यात असं मला वाटत नाही, माझ्यासुद्धा. नाशिकहून सकाळची गाडी धरलीस तर शुक्रवारी दुपारपर्यंत पोचशील. आली नाहीस तर मी एकटीने आवरीन, रागावणार नाही. पण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी त्या कपाटाला हात लावणार नाही.

तुझी वाट बघणारी,
तुझीच आई