एक्स-रे काढण्याआधी

प्रिय आमू,

फोनवर तू रोज विचारतेस, एक्स-रे काढलास का, आणि मी रोज एक नवी थाप मारते. परवा म्हणे लॅब बंद होती. काल रिक्षावाले येईनात. ही थाप पुण्यात कुणालाही पटते. आज सकाळपासून चारदा चपला घातल्या आणि चारदा काढल्या. शेवटी लिहायला बसले. बोटं आखडलीत, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत, चालवून घे.

त्या नव्या गोळीला मी घाबरले असं तुला वाटतंय. छे गं! डॉक्टरीणबाईंनी किती छान समजावलं होतं. अंगातले पहारेकरी बिथरलेत, माझ्याच सांध्यांना चोर समजून झोडपतायत. झोडपा, हा निरोप पेशीच्या आत पुढे पोचवतं ते जॅक नावाचं एन्झाइम. गोळी नेमकी त्यालाच अडवते. निरोप पोचला नाही की सूज उतरते, दुखणं कमी होतं. अगं, कुकरचं झाकण माझं मला लावता येईल, ब्लाऊजच्या हुकांसाठी शेजारणीला हाक मारावी लागणार नाही. मला हवीच आहे ती गोळी.

पण जंतूंशी लढायचं म्हटलं तरी पहारेकऱ्यांना असेच निरोप लागतात. म्हणून जुना टीबी अंगात झोपलेला असला तर गोळीने तो जागा होऊ शकतो, आधी तपासण्या करा, असं त्या म्हणाल्या. आणि मग विचारलं, टीबी कधी झाला होता का. तू शेजारीच बसली होतीस. मी म्हटलं, नाही.

झाला होता, आमू. सत्त्याण्णव साली. तू सहा वर्षांची, आपण खडकीच्या क्वार्टर्समध्ये. तुला नऊ महिने नगरला विजयमालामावशीकडे ठेवलं, फॅक्टरीत डबल ड्युटी लागलीय म्हणून सांगितलं. कसली ड्युटी नि काय! तुझे पप्पा आणि मावशी सोडून कुणाला कळू दिलं नाही. आपल्या घरचं पाणी प्यायला तिथल्या दोघीतिघी आधीच कां-कूं करायच्या, त्यात हे कळलं असतं तर तुझ्याशी एक पोर खेळलं नसतं. दोन महिन्यांनी दवाखान्यातून सांगितलं, आता धोका नाही, आणा लेकीला. माझाच धीर झाला नाही. पुढचे सात महिने निव्वळ माझ्या भित्रेपणाचे. परत आलीस तेव्हा कितीतरी दिवस मला आई म्हणेनास. गेल्या दिवाळीत भांडताना म्हणालीस, तुला नोकरी प्यारी होती, म्हणून मला टाकलंस. मी भाजी चिरत राहिले. टीबीपेक्षा ते बरं वाटलं मला, बघ माझी अक्कल.

एक्स-रेमध्ये जुना डाग दिसेलच, आणि डॉक्टरीणबाईंकडे फोन नंबर तुझा आहे. परक्या बाईकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. पत्र मिळालं की फोन कर, त्याच दिवशी जाते. आणि आणखी एक. त्या नऊ महिन्यांत मी दर महिन्याला एसटीने नगरला यायचे, तुझ्या शाळेसमोर पलीकडच्या बाजूला उभी राहायचे. एकदा तुला मी दिसले. आई, आई करत तू फाटकापर्यंत धावलीस आणि मी रसवंतीच्या मागे लपले. तुला भास झाला असं मावशीने समजावलं, ते मीच तिला सांगायला लावलं होतं. भास नव्हता गं तो. मीच होते.

तुझीच,
भित्री आई